खुनाआधीचे दीड मिनिट

गुन्हेकथेच्या श्रेयनामावलीपुढे सुरुवातीपासून एकच पेच आहे. खून झाला आहे हे सांगायचे, पण कोणी केला, कसा केला, कोणाचा केला याचा पत्ता लागू द्यायचा नाही. गुन्हा खरा असेल तर पेच आणखी अवघड होतो, कारण पडद्यावरच्या प्रेतामागे एक खरे प्रेत असते आणि त्याचे आप्त हयात असतात. अशा वेळी छायाचित्र नको तेवढे बोलते. कागदाची कात्रणे, रेघा, शिक्के आणि सावल्या मोजकेच बोलतात. म्हणूनच हलत्या चित्रांची श्रेयनामावली विनोदी चित्रपटांइतकीच गुन्हेकथेतही रुजली, आणि खऱ्या गुन्ह्याच्या माहितीपटाचे सोंग घेणाऱ्या काल्पनिक मालिकांपर्यंत येऊन पोचली.

मूकपटांच्या काळात अक्षरांचे काम पाट्यांचे होते. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने मजकूर लिहायचा, त्याचे चित्रण करायचे आणि ती पट्टी योग्य जागी जोडायची. स्टुडिओंमध्ये यासाठी वेगळा कलाविभाग असे. लंडनच्या इस्लिंग्टन भागात फेमस प्लेअर्स-लास्की या अमेरिकी कंपनीने स्टुडिओ उघडला, तेव्हा तिथे पाट्या रंगवण्याच्या कामावर एक तरुण लागला. त्याआधी तो तारांच्या एका कंपनीत जाहिरातींची चित्रे काढत होता. त्याचे नाव आल्फ्रेड हिचकॉक. एखादे पात्र उधळेपणाने जगत असल्याची पाटी आली की त्या मजकुराखाली तो दोन्ही टोकांनी पेटलेली मेणबत्ती काढी. इंग्रजीत तसा वाक्प्रचारच आहे. अक्षराला चित्राची जोड दिली की प्रेक्षक न सांगता पुढचे ओळखतो, हा धडा हिचकॉकने पाटीवर गिरवला आणि पुढे आयुष्यभर वापरला.

बोलपट आल्यावर पाट्या गेल्या आणि श्रेयनामावली उरली ती निव्वळ उपचार म्हणून. नावे येत, वाद्यवृंद वाजत राही, लोक आपली खुर्ची शोधत. कित्येक थिएटरांत तर नावे संपेपर्यंत पडदाही उघडत नसत. नावे त्या मखमली पडद्यावरच उमटत आणि खरा चित्रपट सुरू झाला की तो बाजूला सरके. १९५५ मध्ये ओटो प्रेमिंजरचा ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ थिएटरांत गेला, तेव्हा फिल्मच्या डब्यांवर प्रोजेक्टर चालवणाऱ्यांसाठी सूचना चिकटवलेली होती: नावे सुरू होण्याआधी पडदा उघडा. नावे पाहण्यासारखी आहेत असे निर्मात्याला थिएटरवाल्यांना लेखी कळवावे लागले, यावरून तोपर्यंत त्यांची पत किती होती ते कळते.

ती नावे सॉल बासने रचली होती. न्यू यॉर्कमध्ये १९२० साली जन्मलेला बास मूळचा जाहिरातींचा आणि पोस्टरांचा चित्रकार. ‘गोल्डन आर्म’ची कथा हेरॉइनच्या व्यसनात सापडलेल्या माणसाची होती. बासने सुई दाखवली नाही, नटाचा चेहराही दाखवला नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या पट्ट्या सरकतात, आडव्या होतात, एकमेकींना छेदतात, आणि शेवटी त्यांतून एक वेडावाकडा, कोनाकोनांचा हात खाली येतो. एल्मर बर्नस्टाइनचे जॅझ आणि या पट्ट्या असा एवढाच सगळा ऐवज.

खऱ्या गुन्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचे काम मात्र चार वर्षांनंतरचे. मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला बिग बे नावाचे गाव आहे. तिथे १९५२ साली एका लष्करी अधिकाऱ्याने एका दारूच्या गुत्त्याच्या मालकाला गोळ्या घातल्या. त्या मालकाने आपल्या बायकोवर बलात्कार केला, असे अधिकाऱ्याचे म्हणणे होते. बचावाचे वकील जॉन व्होल्कर यांनी तात्पुरत्या वेडाच्या भराचा मुद्दा मांडला आणि आरोपी सुटला. व्होल्कर पुढे मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ‘रॉबर्ट ट्रॅव्हर’ हे टोपणनाव घेऊन त्यांनी या खटल्यावर ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ ही कादंबरी लिहिली. ती १९५८ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी प्रेमिंजरने तिचा चित्रपट केला. चित्रण त्याच परिसरात, मार्क्वेट परगण्याच्या खऱ्या कोर्टात झाले. न्यायाधीशाच्या भूमिकेत होते जोसेफ वेल्श. हे नट नव्हते, वकील होते, आणि सिनेटर मॅकार्थींना भर सुनावणीत खडसावल्यामुळे देशभर गाजले होते. खऱ्याचा सोस इतक्या थराला गेलेला होता.

अशा चित्रपटाची सुरुवात बासने काळ्या कागदाच्या एका बाहुल्याने केली. करड्या पार्श्वभूमीवर, कात्रीने ओबडधोबड कापल्यासारखा माणूस आडवा पडलेला दिसतो. धड, डोके, हात, पाय सगळे सुटे, एकमेकांशी किंचित फारकत घेतलेले. मग नावांबरोबर एकेक अवयव एकटा येतो. कुठे पाय बाजूने सरकत आत शिरतो, कुठे हात उमटतो, आणि नाव वाचून होते न होते तोच तो नाहीसा होतो. ड्यूक एलिंग्टनच्या जॅझमधल्या ठोक्यांवर हे तुकडे उड्या मारतात, त्यामुळे पाहणाऱ्याला आधी गंमत वाटते आणि आपण नेमके काय पाहतो आहोत हे जरा उशिरा लक्षात येते. ‘अ‍ॅनाटॉमी’ म्हणजे शरीररचना, आणि ती शिकायची तर शरीर उघडावे लागते. शीर्षकातला हा श्लेष बासने शब्दशः कापून दाखवला. चित्रपटात खून दिसत नाही, बलात्कारही दिसत नाही. अडीच तासांहून अधिक वेळ प्रेक्षकाच्या हाती येतात त्या फक्त साक्षी, तुकड्यातुकड्यांच्या आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या. नावे संपेतोवर प्रेक्षकाला त्या साक्षींचा नमुना मिळालेला असतो. तोच बाहुला पोस्टरवर होता, वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवर होता, तबकडीच्या वेष्टनावरही होता. १९९५ मध्ये स्पाइक लीच्या ‘क्लॉकर्स’चे पोस्टर थेट त्याच वळणाचे निघाले, तेव्हा बासने उघड नाराजी व्यक्त केली. त्या पोस्टरच्या चित्रकाराने तो मानाचा मुजरा असल्याचे सांगितले.

कात्रणे हलवण्याचे हे काम व्हायचे ते टेबलावर. वर खाली तोंड करून टांगलेला कॅमेरा, खाली सपाट फळी, दोन्ही बाजूंनी दिवे. कात्रण किंचित सरकवायचे, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायचे. एका सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे एका मिनिटाला १४४०. प्रत्येक स्थिती दोन फ्रेम धरून ठेवली तरी मिनिटभराच्या हालचालीला ७२० स्थिती लागतात. अक्षरे वेगळी चित्रित करून नंतर ऑप्टिकल प्रिंटरवर त्यांची चित्राशी सांगड घातली जाई. त्यातच करारांचा जाच. कोणाचे नाव आधी, कोणाचे एकटे, कोणाचे किती उंचीचे, हे नटांच्या आणि संघटनांच्या करारांत ठरलेले असते. चित्रकाराला आपली कल्पना त्या हिशेबात बसवावी लागते, आणि तेव्हाही प्रत्येक नाव सावकाश वाचता येईल इतका वेळ पडद्यावर राहिले पाहिजे हा नियम सुटत नाही.

हिचकॉकसाठी बासने याच सुमारास मोठी कामे केली. ‘व्हर्टिगो’त (१९५८) डोळ्याच्या बाहुलीतून फिरत बाहेर येणारी चक्रे जॉन व्हिटनीच्या यंत्रावर काढलेली होती. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांचा नेम साधणाऱ्या उपकरणांतून त्याने ते यंत्र घडवले होते. ‘सायको’त (१९६०) पट्ट्या परतल्या, पण इथे त्या नावांनाच कापतात. अक्षरे अर्ध्यात चिरली जातात, वरचा आणि खालचा भाग एकमेकांपासून सरकतो, क्षणभर जुळतो आणि पुन्हा विस्कटतो. बर्नार्ड हरमनच्या संगीतात फक्त तंतुवाद्ये आहेत. रॉबर्ट ब्लॉकच्या मूळ कादंबरीला विस्कॉन्सिनमध्ये १९५७ साली उघडकीस आलेल्या एका भीषण प्रकरणाची पार्श्वभूमी होती. चित्रपटाने ते कुठेही सांगितले नाही.

दूरचित्रवाणीने नेमके उलटे केले. खरेपणा हाच तिने विकायचा माल ठरवला. जॅक वेबची ‘ड्रॅगनेट’ १९४९ मध्ये रेडिओवर आणि १९५१ च्या अखेरीस दूरचित्रवाणीवर आली. लॉस एंजेलिस पोलिसांच्या दप्तरातली प्रकरणे, सुरुवातीला ७१४ क्रमांकाचा पोलिसी बिल्ला, कथा खरी असून निरपराध्यांसाठी नावे बदलली आहेत अशी घोषणा, आणि शेवटी धातूच्या पत्र्यावर हातोड्याने ठोकलेले निर्मितीसंस्थेचे चिन्ह. चित्रकलेला इथे वावच ठेवलेला नव्हता. आजही खऱ्या गुन्ह्यांच्या मालिका जी सामग्री वापरतात, म्हणजे फाइल, शिक्का, बिल्ला, तारीख, ती सगळी या मालिकेने रूढ केली. हिचकॉकने मात्र १९५५ पासूनच्या आपल्या मालिकेसाठी स्वतःच्याच हाताने मोजक्या रेघांत स्वतःचे व्यंगचित्र काढून दिले. तो बाजूने चालत येई आणि त्याची सावली बरोबर त्या रेघांत बसे.

गुन्हा आणि ॲनिमेशन यांची सर्वांत यशस्वी जोडी थट्टेतून निघाली. ‘द पिंक पँथर’ (१९६३) हा एका हिऱ्याच्या चोरीचा चित्रपट आणि पँथर हे त्या हिऱ्याचे नाव. श्रेयनामावलीसाठी फ्रिझ फ्रेलेंगच्या मंडळींनी त्याचा खरोखरच गुलाबी प्राणी केला, आणि तो इतका लोकप्रिय झाला की त्याला स्वतःचे कार्टूनपट मिळाले. त्यांतल्या पहिल्याच, ‘द पिंक फिंक’ला, ऑस्कर मिळाले. नावे दाखवायला आणलेले पात्र मूळ चित्रपटातल्या चोरापेक्षा जास्त जगले.

१९८० मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच वाहिनीने ब्रिटिश गुन्हेकथांसाठी ‘मिस्टरी!’ ही मालिका सुरू केली आणि तिच्या नावांसाठी एडवर्ड गोरीची चित्रे घेतली. गोरीचे काम शाईच्या बारीक, एकमेकींवर चढवलेल्या रेघांचे. ॲनिमेटरला असे चित्र म्हणजे शिक्षा. प्रत्येक फ्रेममध्ये शेकडो रेघा नव्याने काढायच्या, आणि त्या तंतोतंत जुळल्या नाहीत तर सगळे चित्र उकळत्या पाण्यासारखे खदखदू लागते. ॲनिमेशन करणाऱ्या डेरेक लँबने ही खदखद लपवण्याऐवजी खपवून घेतली. थडगी, पाऊस, पार्टीतले मख्ख चेहरे, भिंतीवर पडल्यापडल्या रुमाल हलवत कण्हणारी बाई, हे सगळे थरथरत राहते आणि त्या थरथरीतच त्याची मजा आहे. खून हा सभ्य घरातला शिष्टाचार असावा अशी त्याची चाल. गुन्हेकथेतल्या विनोदी श्रेयनामावलीचे हे आजोळ म्हणायला हरकत नाही.

भारतात गुन्हेकथा आणि ॲनिमेशन या दोन धारा फारशा मिसळल्या नाहीत. राम मोहन यांनी ‘पती पत्नी और वो’ आणि ‘दो और दो पाँच’ अशा हिंदी चित्रपटांसाठी ॲनिमेशन केले, पण ते चित्रपट हलकेफुलके होते. रेखाचित्र दिसले की हसायचे, असे प्रेक्षकाने त्यावरून ठरवून टाकले. मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका मुंबई पोलिसांनी उकललेल्या प्रकरणांवर आधारलेली होती. तिने ‘ड्रॅगनेट’ची वाट धरली: दप्तर, तपास, शिवाजी साटम यांचा करारी चेहरा. पुढे ‘सीआयडी’ याच वळणाने गेली. मुंबईच्या गुन्हेजगतासाठी चित्रभाषेचा गंभीर विचार दिसतो तो थेट २०१८ मधल्या ‘सेक्रेड गेम्स’मध्ये. अनिरुद्ध मेहता आणि प्लेक्सस या मुंबईच्या संस्थेने प्रत्येक भागासाठी पुराणकथा आणि मंडलाकृती यांतून वेगळे चिन्ह घडवले. त्या चिन्हांत टोळीयुद्धापेक्षा वेळ, चक्र आणि प्रलय यांचीच छाया अधिक पडते.

अमेरिकेत १९९० च्या दशकात खऱ्या गुन्ह्यांवरच्या पुस्तकांवरूनही चित्रपट निघाले. मार्टिन स्कॉर्सेसीने निकोलस पिलेजीच्या पुस्तकांवर ‘गुडफेलाज’ (१९९०) आणि ‘कॅसिनो’ (१९९५) केले, आणि दोन्हींची नावे सॉल व एलेन बास या जोडप्याने रचली. ‘कॅसिनो’त स्फोटाने उडालेला माणूस ज्वाळांतून आणि निऑन दिव्यांतून खाली पडत राहतो. पुढच्याच वर्षी बास वारला.

त्याच १९९५ मध्ये काइल कूपरने डेव्हिड फिंचरच्या ‘सेव्हन’ची नावे केली. तोवरच्या सफाईदार अक्षरांवर त्याने सुई चालवली. नावे काळ्या थरावर हाताने खरवडली, फिल्मवर ओरखडे काढले, अक्षरे फ्रेमगणिक उडवली. मधेमधे खुन्याची बोटे दिसतात: वहीत गिचमिड लिहिणारी, चिठ्ठ्या चिकटवणारी, ठसे उमटू नयेत म्हणून पात्याने बोटांची कातडी तासणारी. चेहरा नाही. आणि खरी खुबी त्याही पुढची. खुन्याची भूमिका करणाऱ्या केव्हिन स्पेसीचे नाव या यादीत नाहीच. ते शेवटच्या यादीत सर्वांत आधी येते, आणि ती यादी रूढ पद्धतीच्या उलट, वरून खाली सरकते. श्रेयनामावलीचा उपयोग पुरावा दडवण्यासाठी करता येतो हे ‘सेव्हन’ने दाखवले. ओरखड्यांची नक्कल पुढे वर्षानुवर्षे झाली. नाव गाळण्याची कल्पना कमी उचलली गेली, आणि जास्त मोलाची खरे तर तीच होती.

‘कॅच मी इफ यू कॅन’साठी (२००२) पॅरिसच्या ऑलिव्हिए कुंट्झेल आणि फ्लॉरेन्स डेगा यांनी शिक्के कापले आणि पात्रे हाताने छापून हलवली. जॉन विल्यम्सच्या सॅक्सोफोनवर एक लांबट माणूस वैमानिक होतो, डॉक्टर होतो आणि पाठलाग करणाऱ्याच्या हातून निसटतो. खोटे धनादेश छापणाऱ्या भामट्याची गोष्ट शिक्क्याने सांगावी हे अगदी चपखल. चित्रपट ज्या आत्मकथनावर बेतला त्यातल्या कित्येक दाव्यांवर पुढे जाहीर शंका घेतल्या गेल्या. चित्रपटातले सत्य डळमळले, पण शिक्क्यांनी सत्याचा दावा कधी केलाच नव्हता.

२०१४ हे वर्ष दोन कारणांनी निर्णायक ठरले. एचबीओवर ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ आली. तिच्या नावांत पॅट्रिक क्लेअरने माणसांच्या आकृतींच्या आत लुइझियानातले रासायनिक कारखाने आणि रस्ते भरले. प्रेरणा होती रिचर्ड मिसराकच्या छायाचित्रांची, आणि कामाला एमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ‘सीरियल’ या पॉडकास्टने एका जुन्या खुनाचा तपास घरोघरी पोचवला. पुढच्या वर्षी ‘द जिंक्स’ आणि ‘मेकिंग अ मर्डरर’ आल्या आणि खऱ्या गुन्ह्यांच्या माहितीपटाचे एक ठरीव रूप तयार झाले: वरून दिसणारे ओसाड गाव, कात्रणे, एकावर एक विरघळणारे चेहरे, संथ तंतुवाद्ये. रूप इतके ठरीव झाले की त्याची नक्कल करणे सोपे झाले. २०१७ च्या ‘अमेरिकन व्हॅन्डल’मध्ये गुन्हा आहे शाळेतल्या शिक्षकांच्या २७ गाड्यांवर अश्लील चित्रे रंगवण्याचा. तपास करतो एक शाळकरी मुलगा, आणि सगळा थाट मात्र खुनाच्या माहितीपटाचा.

‘ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग’ने (२०२१) उलटा मार्ग धरला. स्टीव्ह मार्टिन आणि जॉन हॉफमन यांच्या या मालिकेत तीन शेजारी स्वतःच्या इमारतीतल्या खुनावर पॉडकास्ट काढतात. म्हणजे कथेच्या आत खऱ्या गुन्ह्याची मालिका, आणि ती पूर्ण काल्पनिक. इलॅस्टिक या संस्थेच्या लिसा बोलन यांनी नावांची मांडणी केली आणि चित्रे स्पेनच्या लॉरा पेरेझची आहेत. कात्रणे नाहीत, रक्त नाही, शिक्का नाही. सपाट, उबदार रंगांत न्यू यॉर्क दिसते, मग ‘आर्कोनिया’ इमारत, मग खिडक्या. प्रत्यक्ष चित्रण ब्रॉडवेजवळच्या बेलनॉर्ड इमारतीबाहेर होते. ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाची आठवण यावी अशी रेघ आहे. प्रत्येक खिडकीत कोणीतरी आहे, कोणी पाठमोरे, कोणी पडद्याआड, आणि सिद्धार्थ खोसला यांची धून पायरी चढल्यासारखी पुढे जाते. खिडकीतून डोकावणाऱ्यालाच गुन्ह्याची गोडी लागते ही कथेतली गोम चित्रकाराने नेमकी पकडली आहे. शेजाऱ्याच्या घरात दिवा लागला की नजर आपोआप तिकडे जाते, आणि वाडा असो की चाळ, ती सवय ओळखीचीच आहे.

असे काम आज संगणकावर होते, पण क्रम जुनाच आहे. कथा वाचून दोन-तीन कल्पना मांडायच्या. मंजूर कल्पनेची पाच-सात पूर्ण रंगवलेली चित्रे दाखवायची. मग स्टोरीबोर्ड, मग संगीताच्या मापाने कच्ची हलती मांडणी, आणि अखेरीस नावे. एकदा झालेले काम सहसा प्रत्येक भागाला जसेच्या तसे लावले जाते.

मात्र प्रेक्षक ते पाहतोच असे नाही. नेटफ्लिक्सने २०१७ पासून श्रेयनामावली टाळण्याचे बटण दिले, आणि २०२२ मध्ये कंपनीने सांगितले की ते दिवसाला १३ कोटी ६० लाख वेळा दाबले जाते. १९५५ मध्ये बंद पडद्याशी झालेला झगडा आता बटणाशी आहे. ‘ओन्ली मर्डर्स’च्या नावांत मात्र दर भागाला एखादी लहानशी गोष्ट बदललेली असते, आणि ती त्या भागातल्या प्रकरणाचा धागा असते. बटण दाबणाऱ्याचा तो धागा सुटतो.